केसांचा गोफ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं दागिन्यांचं दालन बघताना एका काचेपाशी मी अगदी नाक लावून उभी होते. आत सोन्याच्या कडीत बसवलेलं तपकिरी, नाजूक विणकाम. रेशीम असावं असं वाटलं. मग खालची पाटी वाचली. माणसाचे केस! नाक आपोआप मागे आलं.

आपल्याकडे केसांचं कौतुक ते डोक्यावर आहेत तोवरच. सुटले की त्यांची गुंतवळ होते. जेवणात एक केस निघाला तर ताट बाजूला सरतं. लहानपणी माझी वेणी घालून झाली की आजी फणीतली गुंतवळ बोटाभोवती गुंडाळायची, तिच्यावर थू थू करायची आणि मगच टाकायची. उघड्यावर टाकायची नाही, कुणाच्या हाती लागली तर करणी करतात म्हणे. मला ते सगळं खुळचट वाटायचं. पण त्या काचेपुढे उभी असताना लक्षात आलं की आजीचा आणि या दागिन्यांचा पाया एकच आहे. उतरलेल्या केसातही माणूस थोडासा उरतो. म्हणून आजी तो लपवायची, आणि म्हणूनच या बायका तो गळ्यात घालायच्या.

युरोपात केस जपायची रीत जुनी, पण तिला खरा बहर आला एकोणिसाव्या शतकात. फोटो घरोघरी पोचायच्या आधीचा काळ तो. घरातलं मूल गेलं तर त्याची म्हणून काय आठवण ठेवायची? केस कुजत नाहीत, म्हणून एक बट. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात असं केसकाम मांडलेलं होतं. पुढे १४ डिसेंबर १८६१ ला प्रिन्स अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरिया राणीने १९०१ मध्ये स्वतः जाईपर्यंत काळा वेष सोडला नाही. अल्बर्टचे केस घातलेलं लॉकेट ती वापरत असे. राणी करते म्हटल्यावर शोकाच्या दागिन्यांचा धंदा फोफावणारच.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. याच राणीच्या राज्यात, त्याच वर्षांत, आपल्याकडच्या उच्चवर्णीय घरांत नवरा गेलेल्या बाईचे स्वतःचे केस उतरवले जात होते. हे काम आम्ही करणार नाही असं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं ते १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. तिकडे विधवा नवऱ्याचे केस अंगावर बाळगतेय आणि इकडे... असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर हे दागिने करायचे कसे? आधी केस सोड्याच्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढायचा. मग मोजून सारख्या बटा करायच्या. एक गोल टेबल, मधोमध भोक. प्रत्येक बटेच्या एका टोकाला शिशाचं वजन असलेलं रीळ बांधून ते टेबलाच्या कडेवरून लोंबत सोडायचं. बटांची दुसरी टोकं एकत्र बांधून मधल्या भोकाशी, खाली तोलाला आणखी एक वजन. आणि मग ठरलेल्या क्रमाने बटा इकडच्या तिकडे टाकत राहायचं. शाळेच्या गॅदरिंगला मुली गोफ विणतात ना, तस्संच! फक्त मुलींच्या जागी शिशाची रिळं. वीण एका तारेभोवती किंवा नळीभोवती चढत जाते. झाल्यावर उकळून वाळवली की केस तो आकार धरतात. आतली तार ओढून काढली की उरतो पोकळ, लवचीक गोफ. टोकांना सोन्याच्या टोप्या बसवल्या की साखळी तयार.

या कामात सगळ्यात तरबेज कोण, तर स्वीडनमधल्या वॉमहूस नावाच्या खेड्यातल्या बायका. शेती तुटपुंजी, म्हणून या बायका हलकीफुलकी अवजारं घेऊन दोघी-तिघी मिळून बाहेर पडायच्या, पार रशिया, जर्मनी, इंग्लंडपर्यंत. केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बायका आपण पाहिल्यात, पण या तुमचेच केस घेऊन तुमचाच दागिना करून द्यायच्या. ही कला त्या गावात आजही टिकून आहे.

‘तुमचेच केस’ हा यातला सगळ्यात नाजूक भाग. विणायला लांब, दाट, दमदार केस लागतात. आजारपणात गेलेल्या माणसाचे केस तसे कुठून असणार? मग कारागीर गिऱ्हाईकाने दिलेली बट बाजूला ठेवतात आणि विकत घेतलेले केस वापरतात, असा संशय तेव्हा सर्रास घेतला जाई. १८६७ मध्ये अमेरिकेत मार्क कँपबेल याने केसकाम घरी शिकायचं पुस्तक काढलं. त्यात त्याने याच भीतीवर बोट ठेवलं आहे: स्वतः विणलंत तर केस आपल्याच माणसाचे आहेत याची खात्री राहील. हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयात शार्लट ब्राँटेचं एक ब्रेसलेट आहे, एमिली आणि ॲन या तिच्या बहिणींच्या केसांचं, जांभळे खडे जडवलेलं. एमिली डिसेंबर १८४८ मध्ये गेली, ॲन मे १८४९ मध्ये. दोघींच्या बटा कारागिराच्या हाती देताना शार्लटच्या मनात हा विचार आला नसेल?

बीथोवेनच्या बाबतीत तर हा संशय शब्दशः खरा ठरला. एकदा नव्हे, दोनदा. १८२६ मध्ये अँटन हाल्म या पियानोवादकाच्या बायकोला त्याच्या केसांची बट हवी होती. कुणीतरी चेष्टेने तिला बोकडाचे केस पाठवले! बीथोवेनला कळलं तेव्हा तो संतापला आणि त्याने स्वतःचे केस कापून दिले. दुसऱ्या वेळी मात्र रागवायला तो नव्हता. १८२७ मध्ये तो गेला तेव्हा पंधरा वर्षांच्या फर्डिनांड हिलरने त्याची बट कापून घेतली. १८८३ मध्ये हिलरने ती लॉकेटमध्ये घालून आपल्या मुलाला वाढदिवसाला दिली. १९९४ मध्ये सदबीजच्या लिलावात ती अमेरिकनांनी विकत घेतली. तपासणीत तिच्यात भरपूर शिसं सापडलं आणि बीथोवेनच्या दुखण्यांचं मूळ सापडलं म्हणून पुस्तकं निघाली.

२०२३ मध्ये डीएनए तपासणी झाली. हाल्मबाईंना मिळालेली बट अस्सल निघाली. हिलरच्या लॉकेटमधले केस एका बाईचे होते.

(पुढच्या वर्षी अस्सल बटांतही भरपूर शिसं सापडलं, ही आणखी एक गंमत.)

अदलाबदल कधी झाली, कुणी केली, काही पत्ता नाही. पण त्या बाईचे केस इतकी वर्षं जिवापाड जपले गेले, चौकटीत, काचेखाली, दुसऱ्याच्या नावाने.