चिमूरचा निवाडा : सामूहिक हिंसा आणि पुनर्स्थापक न्यायाचा प्रश्न

१

वर्धा-बल्लारपूर लोहमार्गावर वरोड्याच्या दक्षिणेस माजरी हे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. येथून लोहमार्गाचा एक फाटा वणीकडे जातो. उलट दिशेस, वरोड्यावरून ईशान्येकडे निघालेली सडक चिमुरास पोहोचते. वणी आणि चिमूर यांमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले आहे. १९४२ च्या अखेरीस या दोन गावांची नावे एका दुःखद प्रकरणात एकत्र आली. वणी हे लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचे गाव होय, आणि अणे त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद म्हणून दिल्लीत होते. चिमूरच्या स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी, ही मागणी घेऊन सेवाग्राम आश्रमातील प्रा. ज. प्र. भन्साळी प्रथम त्यांच्याच दारी गेले. ती चौकशी अखेरपर्यंत झाली नाही.

चिमूरची हकीकत स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासग्रंथांत अनेकवार आली आहे. ती पुन्हा सविस्तर सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सामूहिक हिंसेनंतर न्याय कशास म्हणावे, याविषयी गेल्या काही दशकांत अपराधशास्त्रात जो विचार झाला, तो चिमूरच्या प्रकरणास लावून पाहिला असता काय दिसते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

२

अपराधशास्त्र हे मूलतः चोरी, खून, दरोडा अशा व्यक्तिगत अपराधांचे शास्त्र म्हणून वाढले. एका समूहाने दुसऱ्यावर, अथवा खुद्द राज्यसंस्थेने प्रजेवर केलेली हिंसा त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. शेल्डन ग्ल्यूक यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धगुन्हेगारांच्या खटल्यांविषयी लिहिले. परंतु अशी उदाहरणे विरळा. रवांडातील १९९४ च्या वंशसंहारानंतर हे चित्र पालटू लागले. जॉन हेगन यांनी दारफुरमधील संहाराचा अपराधशास्त्राच्या पद्धतीने अभ्यास केला. बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील स्टेफान पार्मेंटियर यांनी अशा हिंसेनंतरच्या न्यायाची चार अंगे मांडली : सत्याचा शोध, दायित्वाची निश्चिती, हानीची भरपाई आणि समेट. यांपैकी एकच अंग पुरे झाले म्हणजे न्याय झाला असे होत नाही, हे त्यांच्या मांडणीतील मर्म होय.

याच काळात दुसरा एक विचारप्रवाह वाढत होता. नॉर्वेचे निल्स क्रिस्ती यांनी १९७७ मध्ये एका निबंधात असे प्रतिपादन केले की, तंटा ही त्यात गुंतलेल्या माणसांची मालमत्ता असते आणि आधुनिक न्यायालय ती त्यांच्यापासून काढून घेते. वकील बोलतात, सरकार फिर्यादी होते, आणि ज्याची हानी झाली तो केवळ साक्षीदार म्हणून उरतो. कॅनडातील किचनर येथे १९७४ मध्ये दोन तरुण अपराध्यांची त्यांनी ज्यांचे नुकसान केले त्या घरमालकांशी प्रत्यक्ष गाठ घालून देण्याचा प्रयोग झाला होता. हॉवर्ड झेर यांनी १९९० च्या ग्रंथात या दृष्टीला व्यवस्थित रूप दिले. कोणता कायदा मोडला व कोणी मोडला, या प्रश्नांऐवजी कोणाची हानी झाली, त्यांची गरज काय आणि ती भागविण्याचे दायित्व कोणाचे, हे प्रश्न त्यांनी पुढे ठेवले. हाच पुनर्स्थापक न्याय होय.

घरफोडीच्या प्रकरणात जे साधते ते संहारानंतर साधेल काय? ल्यूव्हेन येथील इव्हो आर्ट्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोसोव्हो, काँगो व इस्राएल-पॅलेस्टाइन या प्रदेशांच्या संदर्भात नेमका हाच प्रश्न विचारला. त्याला एकेरी उत्तर नाही. दक्षिण आफ्रिकेतील सत्य व समेट आयोगापुढे हजारो पीडितांनी आपली हकीकत सांगितली, पण भरपाई उशिरा व तुटपुंजी मिळाली. रवांडात सुमारे बारा हजार ग्रामन्यायालये भरली आणि २०१२ पर्यंत त्यांनी एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणे निकालात काढली. परंतु विजयी पक्षाच्या अपराधांना तेथे स्थान नव्हते. ज्या सभेत एकाच बाजूचे दुःख मांडता येते तेथे समेट अपुराच राहतो, हा या अनुभवाचा निष्कर्ष चिमूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

३

चिमूर त्या वेळी चांदा जिल्ह्याच्या वरोडा तहसिलीत होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे मिरवणूक निघाली. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी परिसरात जागृती झालेली होती आणि मुंबईतील पुढाऱ्यांच्या अटकेची वार्ता येऊन पोहोचली होती. गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण मृत्यू पावला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांवर हल्ला केला. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, एक सर्कल इन्स्पेक्टर व एक शिपाई असे चौघे त्यात मारले गेले. त्यानंतर तीन दिवस गाव स्वतंत्र होते, असे चिमूरकर अभिमानाने सांगतात.

पुढे लष्कर आले. गावातील पुरुष मोठ्या संख्येने पकडले गेले, आणि पुरुषांवाचून राहिलेल्या घरांत शिरून सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केले. नागपूरहून रमाबाई तांबे यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या महिलांनी व डॉ. बा. शि. मुंजे यांनी गावात जाऊन हकीकती ऐकल्या आणि त्या बाहेर आणल्या. मध्यप्रांत सरकारने चौकशीची मागणी फेटाळली.

भन्साळींचे उपोषण या नकारातून उद्भवले. दिल्लीत अणे यांच्याकडून चौकशीचे आश्वासन मिळाले नाही. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांनी अन्न वर्ज्य केले. ते पायी चिमूरकडे निघाले असता त्यांना पकडून सेवाग्रामास परत आणण्यात आले. उपोषणाची वार्ता छापण्यास बंदी झाली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी प्रकाशन बंद ठेवले. १२ जानेवारीस, त्रेसष्टाव्या दिवशी, उपोषण सुटले. डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने झालेल्या तडजोडीत वृत्तबंदी उठली आणि स्त्रियांच्या अब्रूवर शिंतोडे उडविण्याचा आपला हेतू नव्हता, अशा आशयाचा खुलासा सरकारने केला. चौकशीची मागणी मात्र सोडून द्यावी लागली.

जमावाच्या हिंसेचा खटला याउलट तत्परतेने चालला. चिमूरच्या व त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे झालेल्या घटनेच्या संदर्भात अनेकांस फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी अथक खटपट केली. अखेर १९४५ मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलण्यात आल्या आणि पुढे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यावर कैदी सुटले.

४

या घटनाक्रमास पार्मेंटियर यांची चार अंगे लावली असता विलक्षण विषमता आढळते. जमावाच्या हिंसेबाबत सत्याचा शोध झाला, तोही केवळ शिक्षेपुरता. सैनिकांच्या हिंसेबाबत तो झालाच नाही. दायित्व एका बाजूस गळ्याला फास लागेपर्यंत निश्चित झाले. दुसऱ्या बाजूस एकाही सैनिकावर ते आले नाही. भरपाईचा विचार उलटाच झाला : नुकसान सोसलेल्या गावावरच सामुदायिक दंड बसविण्यात आला. समेटाचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले, पण तराजू तोच राहिला. दर १६ ऑगस्टला चिमुरात हुतात्म्यांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु मारल्या गेलेल्या चौघांच्या कुटुंबांना त्या स्मरणात जागा नाही. सोनवणे हे नाव परकीय सत्ताधीशाचे नव्हे. ते याच भाषेतील माणसाचे आहे. परसत्तेची नोकरी करणाऱ्याविषयी राष्ट्राचा निर्णय काहीही असो, त्याच्या विधवेची व मुलांची हानी त्या निर्णयाने नाहीशी होत नाही. ब्रिटिश सरकारच्या वहीत केवळ हे चौघे होते. राष्ट्राच्या वहीत केवळ ते नाहीत. दोन्ही वह्या एका जागी कधीच उघडल्या गेल्या नाहीत.

५

या प्रकरणातील भाषेकडे लक्ष दिल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सरकारचा खुलासा आणि देशभक्तांची मागणी ही परस्परविरोधी होती, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द होता : अब्रू. हा फारसीतून मराठीत रुळलेला शब्द मुळात चेहऱ्यावरील पाण्याचा, म्हणजे तेजाचा वाचक आहे. मराठीत अब्रू घराण्याची असते, गावाची असते, जातीची असते, देशाचीही असते. ती जाते, घेतली जाते, राखली जाते. जखम मात्र एका शरीराची असते. स्त्रीच्या शरीरावरील आघातास अब्रूचा प्रश्न म्हटले की त्या आघाताचा मालक बदलतो. चिमूरच्या स्त्रीचे दुःख प्रथम गावाचे झाले, मग राष्ट्राचे झाले, शेवटी एका सरकारी खुलाशाचा विषय झाले. आणि खुलासा मिळाल्यावर प्रश्न मिटल्यासारखा झाला. तंटा माणसांपासून काढून घेतला जातो हे क्रिस्ती यांचे म्हणणे न्यायालयापुरते होते. चिमुरात तेच कार्य सहानुभूतीनेही केले, असे म्हणावे लागते. भन्साळींच्या त्यागाचे मोल यामुळे उणे होत नाही. त्यांची मूळ मागणी चौकशीची, म्हणजे त्या स्त्रियांचे म्हणणे ऐकून घेण्याची होती. मिळाला तो खुलासा.

न्यायाच्या मराठी शब्दांतही असाच भेद दडलेला आहे. निवाडा हा निवडण्याशी संबंधित शब्द. खरेखोटे निवडून वेगळे करणे हे त्याचे कार्य. निकाल म्हणजे बाहेर काढणे, संपविणे. समेट या शब्दात मात्र एकत्र येणे अभिप्रेत आहे. चिमुरास निवाडा मिळाला, निकाल मिळाला. समेटाची भाषा झाली नाही.

ही भाषा मराठी परंपरेस अपरिचित होती असे नाही. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या प्रबंधात, जो डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, गोतसभा व हाजीर मजालस यांच्या कामकाजाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. सभेपुढे दोन्ही पक्षांची तकरीर, म्हणजे निवेदन, लिहून घेतली जाई, निर्णयाचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. महजराचे वैशिष्ट्य असे की, काय घडले हे सर्वांसमक्ष मान्य होऊन लेखनिविष्ट होते. अपराध्याने प्रायश्चित्त घेतल्यावर त्यास गोतात परत घेण्याचीही रीत होती. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे चूक ठरेल. ती जातिभेदावर आधारलेली होती, स्त्रियांना तीत जवळजवळ स्थान नव्हते, आणि तिचे पुरावे मुख्यत्वे देशावरील आहेत, चांद्याकडील नव्हेत. शिवाय सैन्याने केलेल्या अत्याचाराचा महजर कोणत्या गोताने करावयाचा, हा प्रश्न तिने कधी सोडविला नव्हता. तरीही दोन्ही पक्षांची तकरीर एकाच कागदावर, हे तत्त्व तेथून घेण्याजोगे आहे.

६

हा विचार केवळ गतकाळापुरता नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोलीने त्यानंतरच्या दशकांत सशस्त्र हिंसेचा दीर्घ अनुभव घेतला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. २२ एप्रिल २०१८ पासूनच्या बोरिया-कसनासूर परिसरातील कारवाईत चाळीस नक्षलवादी मारले गेल्याचे पोलिसांनी सांगितले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील स्फोटात पंधरा जवान व त्यांच्या वाहनाचा चालक गेला. खबऱ्या ठरवून मारलेल्या ग्रामस्थांची मोजदाद या मोठ्या घटनांत होत नाही. शस्त्र खाली ठेवणाऱ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २००५ पासून आत्मसमर्पण योजना राबविली. तिने अनेकांस परत येण्याची वाट दिली, हे तिचे श्रेय होय. परंतु तिच्या रचनेत पक्ष दोनच आहेत : शरण येणारा आणि शासन. ज्या गावाने माणूस गमावला ते गाव तेथे पक्ष नाही. शरण आलेल्यास निधी व घर मिळते आणि मृताच्या घरी न विचारलेला प्रश्न तसाच राहतो. दुसरीकडे, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस आपल्या रूढीनुसार तंटे सोडविण्याची पात्रता मान्य केली आहे. त्या पात्रतेचा उपयोग बांधावरच्या भांडणापुरता राहील की अशा जखमांपर्यंत पोहोचेल, हे अद्याप ठरावयाचे आहे.

चिमूरच्या उदाहरणावरून एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते की, शिक्षा माफ झाल्याने अथवा खुलासा मिळाल्याने सामूहिक हिंसेचे प्रकरण मिटत नाही. ज्यांनी सोसले त्यांचे निवेदन, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, त्यांच्या स्वतःच्या शब्दांत नोंदले जाणे ही न्यायाची पहिली पायरी होय. त्या ऑगस्ट महिन्यात चिमुरात असलेल्या बहुतेक स्त्रिया आता हयात नाहीत, आणि त्यांचा महजर आता होणे नाही. गडचिरोलीतील साक्षीदार मात्र अजून बोलू शकतात.