जुन्या लेन्स, नवा कॅमेरा आणि घाटाखालची माणसं

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की हा कॅमेऱ्याच्या हौशी लोकांचा विषय, इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? काम आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या १६० वर्षांत फोटो पुष्कळ निघाले. पण कोणाचे निघाले, घराच्या आत निघाले की बाहेर, आणि कोण राहूनच गेलं, हे ठरवण्यात काढणाऱ्याच्या मर्जीइतकाच काचेचाही वाटा होता. लेन्समधून किती उजेड आत शिरतो आणि ती लेन्स कोणाला परवडते, या दोन गोष्टींवर इथल्या फोटोंचा इतिहास उभा आहे.

सुरुवात बोरघाटापासून करू. पळसदरीपासून खंडाळ्याकडे चढणारा रेल्वेचा घाट १८५६ मध्ये खणायला घेतला आणि १८६३ मध्ये सुरू झाला. साधारण २५ किलोमीटरचा चढ, १,८३१ फूट उंची, २५ बोगदे. एका ठेकेदाराने काम सोडल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आले आणि भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालवला. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे याच बाईंनी कामाचे फोटो काढले. १८६१ च्या सुमारास घाटात ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती.

आता त्या काळचं तंत्र बघा. ओल्या काचेचं तंत्र, १८५१ मध्ये निघालेलं. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन धुवायची. काच वाळली की खेळ संपला. त्यात देखाव्याच्या लेन्स बारीक छिद्राच्या, म्हणून उघडीप काही सेकंदांची. अशा तंत्रात पूल उत्तम येतो, बोगद्याचं तोंड उत्तम येतं. डोक्यावर पाटी घेऊन चालणारी बाई येत नाही, तिच्या जागी धुरकट डाग येतो. ‘हलू नका’ म्हटल्यावर जी माणसं थांबली तीच नीट दिसतात, आणि तीही मोजमापासाठी उभी केल्यासारखी. हजारोंनी माणसं होती आणि चित्रात दगडकामच जास्त का, याचं उत्तर थोडं सत्तेत आहे आणि थोडं काचेत आहे. आम्हाला वाटतं, काचेचा भाग इतिहासकार सहसा विसरतात.

पुढचा टप्पा त्याच रेल्वेमार्गावरचा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रण वांगणीला केलं. वांगणी ठाणे जिल्ह्यात, पण कर्जतच्याच लाइनीवर. हत्यारबंद नटमंडळी बघून गावकऱ्यांना ही दरोडेखोरांची टोळी वाटली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. आपल्याला त्यातली दुसरी गोष्ट हवी. फाळक्यांना सूर्य लागत होता. महालातला प्रसंगही उघड्या उन्हात, पडद्यापुढे उभा करावा लागे. फिल्म मंद, म्हणून खोलीच्या आत कॅमेरा आंधळा.

आणि याच सुमाराला, १९१५ मध्ये, खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. पाणी घाटावरून खाली सोडायचं, जनित्रं फिरवायची आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. ते पाणी पुढे पाताळगंगेला मिळतं, म्हणून ती नदी उन्हाळ्यातही वाहते. तारा गेल्या खालापूरच्या शेतांवरून, पण आजूबाजूच्या वाड्यांवर दिवा यायला पुढे कित्येक दशकं गेली. म्हणजे उजेड इथे तयार होत होता आणि इथल्या घरात चिमणीच होती. घरातला फोटो कसा निघणार?

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गाच्या हातात आला तो आग्फाचा क्लिक थ्री. साधी लेन्स, ऊन आणि ढग अशा खुणांचा खटका, एका रोलवर १२ फोटो. तुमच्याही घरी त्याचे चौकोनी फोटो असतील. ते काढून बघा आणि एकच गोष्ट तपासा: किती फोटो अंगणात काढलेत? जवळजवळ सगळे. मुंज असो, बारसं असो, पाहुणे आलेले असोत, सगळ्यांना बाहेर काढून भिंतीपुढे उभं केलेलं, डोळे उन्हाने बारीक झालेले. आजी जन्मभर जिथे वावरली ते माजघर, ती चूल, ते जातं फोटोत नाही. कारण हिशेब असा आहे. कौलारू घरात खिडकीतून येणाऱ्या उजेडात, १०० स्पीडच्या फिल्मवर, एफ ८ अॅपर्चरला साधारण २ सेकंद लागतात. चुलीपुढे बसलेली बाई २ सेकंद स्थिर राहत नाही. राहिली तर भाकरी करपते.

तीच जागा, तीच फिल्म, पण लेन्स एफ २ ची असेल तर? १६ पट उजेड. २ सेकंदांचा सोळावा भाग उरतो, म्हणजे १/८ सेकंद. अशा लेन्स होत्या, पण आयात कॅमेरा म्हणजे परवाना, जकात, नाहीतर आखातातून येणारा कोणी नातेवाईक. त्यातल्या त्यात आवाक्यातले म्हणजे सोव्हिएत युनियनचे झेनिट आणि पूर्व जर्मनीचे प्रॅक्टिका, कारण या देशांशी व्यवहार रुपयात व्हायचा. झेनिटबरोबर हेलिओस ४४ यायची, ५८ मिलिमीटर, एफ २. तिची वंशावळ मजेची आहे. मुळात झाइसची बायोटार, जर्मन रचना. युद्धानंतर ती रशियनांकडे गेली आणि मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हेलिओस या नावाने पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी बनू लागली. पुढे अक्षरशः लाखांनी बनली.

पण लेन्स आली तरी फिल्म महागच. रोलमध्ये ३६ फोटो, धुलाई वेगळी, प्रिंट वेगळे. तेव्हा ही एफ २ ची काच लग्नाच्या मांडवात फ्लॅश लावून एफ ८ ला वापरली गेली. चुलीपर्यंत ती पोचलीच नाही. मग डिजिटल आलं, फिल्म गेली आणि लेन्स माळ्यावर गेल्या.

त्या खाली कशा आल्या, याचा इतिहास मिलिमीटरात आहे. लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यातलं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं. झेनिट-प्रॅक्टिकाच्या आट्यांच्या लेन्सना ४५.४६ मिलिमीटर लागतात. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात ते अंतर ४६.५. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, पण तेवढ्याने लांबचा डोंगर कायम धूसर राहतो. कॅननच्या डिजिटलमध्ये ४४, तिथे पातळ कडी बसायची. मग २००८ मध्ये पॅनासॉनिकने आरसाच काढून टाकलेला पहिला कॅमेरा आणला, २०१० मध्ये सोनीने आणला, आणि २०१३ मध्ये सोनीचा ए ७, जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला. सोनीचं अंतर १८ मिलिमीटर. म्हणजे मधे साडेसत्तावीस मिलिमीटर मोकळी जागा, तिथे एक पोकळ धातूची नळी बसवली की झालं. त्या नळीत काच नाही, तार नाही, काही नाही. एवढ्याने माळ्यावरची बहुतेक जुनी लेन्स पुन्हा चालू झाली.

आता वरचा हिशेब पुरा करू. एफ २ ला १/८ सेकंद होतं. डिजिटलवर स्पीड १६०० ठेवला की आणखी १६ पट, म्हणजे १/१२५. भाकरी थापणारा हात थांबतो. क्लिक थ्रीच्या काळी जे अशक्य होतं ते आता पन्नास वर्षांपूर्वीच्याच काचेने होतं, फिल्मचा खर्च नाही.

आम्ही काही जण असे फोटो काढतो, म्हणून दोन शब्द कामाबद्दल. कर्जत स्टेशन घ्या. घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना इथे मागून बँकर इंजिनं लागतात, म्हणून गाडी थांबते, म्हणून इथला वडापाव प्रसिद्ध. वेळ दोन-चार मिनिटांचा. फोकस हाताने करत बसलात तर गाडी सुटेल. अशा वेळी लेन्सवरचे आकडे वाचायचे. हेलिओस एफ ८ ला, फोकस ५ मीटरवर: पावणेचार मीटरपासून पावणेआठ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट. आता कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, अंतराकडे बघायचं. पाटीवाला त्या पट्ट्यात आला की बटण दाबा. घरात उलटं: एफ २, स्पष्ट भाग वीतभर, तिथे स्क्रीनवर मोठं करून डोळ्यावर किंवा हातावर फोकस लावायचा. लावणीच्या दिवसांत मात्र हा उद्योग जपून, कारण या जुन्या लेन्सना पावसापासून कसलंच संरक्षण नाही.

हेलिओसच्या मागच्या धूसर भागात पानं गोल गरगरल्यासारखी दिसतात, त्याचं सध्या फार कौतुक चालतं. आम्हाला त्याचं एवढं नाही. माणसाच्या मागे त्याचं घर दिसलं पाहिजे. ते भोवऱ्यात घालवून काय मिळवलं?

कोणी म्हणेल, मोबाइलने हे सगळं होतंच की. होतं, आणि पुष्कळ चांगलं होतं. नवी लेन्सही जुनीपेक्षा तीक्ष्ण असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मोबाइल अंधारात अनेक चित्रं एकत्र करून उजेड स्वतःच ठरवतो. चुलीचा धूर आणि काजळलेली भिंत तो उजळून टाकतो, कारण त्याला ते बिघाड वाटतात. इतिहासाला ती भिंत काळीच हवी आहे. आणि हाताने फोकस करताना दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढ्यात समोरच्या माणसाशी बोलावंच लागतं, विचारावं लागतं. तो नको म्हणाला तर फोटो नाही.

ही घाई कशाला, तेही सांगतो. इर्शाळगड तुम्ही फोटोत पाहिला असेल. सुळका, त्याचं नेढं, वर चढणारी मंडळी. पायथ्याच्या पठारावर ठाकरांची इर्शाळवाडी होती, तालुका खालापूर. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. वाडीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते चिखलाच्या चित्रांनी. त्याआधी कॅमेरे त्या वाटेने वर्षानुवर्षं जात होते, पण बहुतेक सुळक्याकडे रोखलेले. बोरघाटात पूल आला आणि पाटीवाली बाई राहिली, त्याचंच हे दुसरं रूप म्हणता येईल. फरक इतका की या वेळी काचेची अडचण नव्हती. कर्जतला २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा राहिला, तिथे किल्ले आणि महाल उत्तम चित्रित झाले. आसपासच्या ठाकरवाड्या, कातकऱ्यांच्या वीटभट्टीवरच्या झोपड्या, दिवाळीनंतर भट्टीवर जाणारं कुटुंब आणि पावसाच्या तोंडावर परतणारं कुटुंब, हे मात्र अजून काढायचंच आहे.

म्हणून आमचा एक नियम आहे: ज्याचा फोटो त्याला प्रिंट, कागदावर, मागे तारीख, गाव आणि त्याने सांगितलेलं नाव. फोन फुटतो, नंबर बदलतो. पत्र्याच्या पेटीतला कागद टिकतो, वाळवी लागली नाही तर.

आता प्रश्नोत्तरांत बुरशीचं कोणीतरी विचारणारच, तेव्हा आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे चार महिने हवा ओली असते आणि बंद चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती नुसती दिसायला वाईट नाही, तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. माळ्यावरची लेन्स सापडली तर प्रथम केस काढून टाका. टॉर्च मागून धरून आतून बघा. जाळं हलकं असेल तर जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या, उशीर करू नका. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लेन्स डब्यात पडू न देणं. दर आठवड्याला बाहेर काढा, कोरड्या हवेत फिरवा, वापरा. आता विचारा.