गुलामाचा मुखवटा

मेनांडरची नाटकं वाचताना मी मालकांकडं बघत नाही. मी दाओसकडं बघतो.

मेनांडर अथेन्सचा, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरचा. त्याच्या आधी ॲरिस्टोफनिस पुढाऱ्यांची भर रंगमंचावर सालटी काढायचा. मेनांडरच्या काळी अथेन्सवर मॅसिडोनियाची हुकमत, आणि नाटक घरात शिरलेलं. कंजूस म्हातारा, प्रेमात पडलेलं श्रीमंताचं पोरगं, बढाईखोर शिपाई, फुकटखाऊ, आचारी, गणिका. आणि गुलाम. पात्रं ठरलेली, मुखवटेही ठरलेले. पोलक्स नावाच्या जुन्या लेखकानं अशा ४४ मुखवट्यांची यादी दिलीय, त्यात ७ गुलामांचे. म्होरक्या गुलामाचे केस लाल, भुवया चढलेल्या. त्यानं तोंड उघडायच्या आधीच त्याची पायरी कळायची.

नावं बघा. सीरोस म्हणजे सीरियाचा. गेतास म्हणजे गेती लोकांतला. भूगोलकार स्त्राबो सरळ लिहितो, अथेन्सवाले गुलामाला त्याच्या मुलखाचं नाव देत, नाहीतर तिकडं चालणारं एखादं. हाकेतच माणसाची जागा कशी दाखवतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

'ढाल' या नाटकात दाओस फ्रिजियाचा. मालक लढाईत मेला असं समजून तो त्याची ढाल आणि लूट घेऊन घरी येतो. लगेच म्हातारा चुलता स्मिक्रिनेस टपलेला. वारस मुलगी जवळच्या नातेवाइकानं बायको म्हणून मागावी, असा अथेन्सचा कायदा. हा थेरडा इस्टेटीसाठी सख्ख्या पुतणीशी लग्न करायला निघतो, आणि दाओसला त्यात ओढू बघतो. दाओस म्हणतो, मी पडलो फ्रिजियन. तुम्हाला जे चांगलं वाटतं, त्यातलं पुष्कळसं मला भयंकर वाटतं.

लोक हसले असतील. मला तर अख्ख्या नाटकात एवढंच शहाणं बोलणं दिसतं. पुढं म्हाताऱ्याला फसवायची युक्तीही दाओसचीच. आणि त्याच शहराच्या कोर्टात गुलामाची साक्ष छळ केल्याशिवाय धरत नसत!

रोममध्ये हाच दाओस 'दावस' झाला. इसवी सनापूर्वी १६६ मध्ये तेरेन्सनं मेनांडरवरून 'आंद्रिया' रचलं. तेरेन्सच्या जुन्या चरित्रात तो कार्थेजचा गुलाम होता, मालकानं मुक्त केला, असं आहे. 'तेरेन्तियस' हे मालकाचं नाव, 'आफेर' म्हणजे आफ्रिकेचा. अशा माणसानं दावसला काय दिलं? पहिल्याच अंकात चाबकाची आणि मरेस्तोवर दळायला धाडण्याची धमकी. पुढं हातपाय बांधून आत नेतात. शेवटी सोडतात, कारण तोवर मालकाच्या पोराचं लग्न जमलेलं असतं.