बाटगा म्हणण्याआधी एवढं वाचा : जालन्याचे शेषाद्री, पंडिता रमाबाई, टिळक आणि आपला दाखला

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेत घेत सावकाश वाचा, पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका.

गेल्या काही दिवसांपासून आपल्या हट्टा-वसमत भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक शब्द पुन्हा फिरतोय. बाटगा. निवडणूक आली, सवलतीचा विषय निघाला, नाहीतर कुणाच्या घरी रविवारी प्रार्थनेला चार माणसं जमली, की हा शब्द बाहेर पडतो. मी ख्रिस्ती नाही. कुणाची वकिली करायला बसलेलो नाही. पण पत्रकारितेत वीसेक वर्षं घालवल्यावर एक सवय लागते. शब्द फार स्वस्तात वापरला जायला लागला, की त्याचा जुना हिशेब काढून बघावासा वाटतो. या शब्दाचा हिशेब तर थेट आपल्या मराठवाड्यातून जातो.

सुरुवात जालन्यापासून करू. जालना शहराला लागून बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती उभी राहिली, ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा इथं निजामाचं राज्य. सालारजंग दिवाण असताना तिला जमीन मिळाली. वसवणारा माणूस गोरा साहेब नव्हता. रेव्हरंड नारायण शेषाद्री, जातीने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला जगभरातल्या ख्रिस्ती मंडळींची परिषद भरली, तिथंही ते जाऊन आले. त्यांच्या वस्तीत मोठ्या संख्येने आली ती मांग समाजाची माणसं. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ व्हायचा, त्या काळात जन्माने ब्राह्मण असलेला माणूस मांगाच्या लेकरांसोबत राहायला जातो, ही काय लहान गोष्ट आहे का?

याच घरातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. अजून पोरगाच होता. बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण त्यांच्यात जेवला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलगा अज्ञान ठरवून वडिलांच्या ताब्यात दिला. आता वडील जिंकले म्हणायचं, तर खरा पेच पुढंच होता. पोरगं घरी आलं, पण जात त्याला घेईना. परधर्मीयांच्या हातचं खाल्लं, संपलं. ख्रिस्ती होता येईना, हिंदू राहता येईना.

त्या वेळी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घ्या, असं ठामपणे म्हणणारा माणूस कोण होता? बाळशास्त्री जांभेकर. ज्यांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं, ज्यांच्या नावाने आम्ही पत्रकार दरवर्षी पत्रकार दिन साजरा करतो, हार घालतो, फोटो टाकतो, तेच. सनातनी मंडळी त्यांच्यावर उलटली. पण 'एकदा गेला तो गेला' हे त्यांनी मान्य केलं नाही. जांभेकर मिशनऱ्यांचे पक्षपाती नव्हते बरं का. त्यांना मुलगा हिंदू म्हणूनच परत हवा होता. पण माणसाच्या मागे दार लावून घेऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे बघा, एकाच घरातले दोन भाऊ. थोरल्याने आपलं ठरवलं आणि त्याची किंमत मोजली. धाकट्याच्या बाबतीत सगळ्यांनी ठरवलं : कोर्टाने, बापाने, जातीने. तो कोण आहे, हे त्याला सोडून बाकी सगळे सांगत होते. पुढे १८५० साली इंग्रज सरकारने कायदा केला, की धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. कायद्याने जमिनीचा प्रश्न सुटला. माणसाचा नाही सुटला.

आता पंडिता रमाबाईंकडे येऊ. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष घेतला. दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई भावासोबत देशभर पायी फिरल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. बंगाली आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीतल्या वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी, १८८० मध्ये लग्न केलं. दोन वर्षांत नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात तान्ही मनोरमा. १८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. तोवर सगळे खूश. विदुषी आहे, आपली आहे.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात गदारोळ. काल जी सरस्वती होती ती आज बाटगी झाली. तेव्हा रमाबाईंची बाजू जाहीरपणे कुणी घेतली? जोतीराव फुल्यांनी, १८८५ मध्ये 'सत्सार'मधून. इतकी शिकलेली बाई धर्मग्रंथ वाचून धर्म सोडते, तर तिला शिव्या देण्याऐवजी का सोडला ते बघा, असा त्यांचा रोख होता.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती मी सांगतो.

वाँटेजला ज्या सिस्टर जेराल्डीन होत्या, रमाबाईंच्या धर्मातल्या पालकच म्हणा, त्यांच्याशी रमाबाईंचा पत्रव्यवहार झाला. या जेराल्डीनबाईंनीच ती पत्रं जपून ठेवली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. ती वाचल्यावर माणूस थक्क होतो. बाई ख्रिस्ती झाल्या, पण मांस-अंड्याला हात लावेनात. जेराल्डीनबाईंना हा जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंना यात ख्रिस्ताचा काय संबंध, तेच कळेना. क्रॉसवर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? चर्चची काही मतं त्यांना पटत नव्हती, ती त्यांनी पटली असं म्हटलं नाही. लेकीला ती पाठ करून घेऊ नका, असंही बजावलं. आणि बिशप लोकांनी हे करू नका, ते शिकवू नका असं सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी स्वच्छ कळवलं, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, लगेच दुसरं जोखड मानेवर घ्यायला मी तयार नाही.

पुण्याला वाटत होतं बाई विकली गेली. वाँटेजला वाटत होतं बाई अजून पुरती आपली झाली नाही. दोघांनाही ती पूर्ण त्यांच्या मापाची हवी होती. आणि ती तिच्या मापाची होती.

१८८९ मध्ये परत येऊन त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. आधी मुंबईत, मग पुण्यात. कुणाच्या धर्मात हात घालणार नाही, असं वचन दिलं होतं. मुलींना आपापले आचार पाळायला मोकळीक होती. पण रमाबाई रोज सकाळी स्वतःची प्रार्थना करायच्या आणि काही मुली तिथं येऊन बसायला लागल्या. यावरून 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकरांसारखी मंडळी बाहेर पडली. १८९३ मध्ये पालकांनी मुली काढून नेल्या.

इथं टीकाकारांचं म्हणणंही नीट ऐकायला पाहिजे. आसऱ्याला आलेल्या कोवळ्या विधवेवर सांभाळणाऱ्या बाईचा प्रभाव पडणारच, हा मुद्दा काही खोटा नव्हता. आजही कुठल्याही आश्रमाला, कुठल्याही धर्माच्या, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण रमाबाईंपुढे सोपा रस्ता होता. प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यायचं. पैसाही टिकला असता, मुलीही आणि पुण्यातला मानही. त्यांनी दार उघडंच ठेवलं. जे मी आहे ते लपवून मी तुमचा विश्वास मिळवणार नाही, असा त्याचा अर्थ. पुढच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली-बाया मरणातून उचलून केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छपाई शिकवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या.

तिसरा माणूस नारायण वामन टिळक. यांचं आपल्या हिंगोली जिल्ह्याशी एक आडवळणाचं नातं आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ब्राह्मण, कवी, घरात बायको लक्ष्मीबाई. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी, सोवळं वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. १९०० मध्ये लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. आपल्या मनातला विटाळ कसा गेला, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये इतकं खरं लिहिलंय, की ते पुस्तक आजही मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत मोजतात.

टिळकांनी नाव बदललं नाही. परदेशी चालीवरची गाणी त्यांना परकी वाटायची, म्हणून अभंग लिहिले, कीर्तन केलं. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगायचे. आता तुकोबांना अभंग लिहायची आज्ञा स्वप्नात कुणी दिली, असं परंपरा सांगते? नामदेवांनी. आणि नामदेव कुठले? आपल्या नर्सीचे. म्हणजे नर्सीहून निघालेली अभंगाची वाट देहूवरून नगरच्या चर्चपर्यंत गेली. तिकडे ती पंजाबात गुरू ग्रंथसाहिबातही गेली. वाट आपलीच. तिच्यावरून चालणारा परका कसा? शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाने हिंदी मातीतली ख्रिस्ती मंडळी उभी करायला निघाले. १९१९ मध्ये वारले.

आता हे सगळं आज का सांगतोय?

कारण शेषाद्री, रमाबाई, टिळक यांना दोन बाजूंचा त्रास होता, पण एक सोय होती. शिक्षण होतं, नाव होतं. आत एक आणि बाहेर एक असं जगायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नाही. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या माणसाला ही सोय कधी मिळाली?

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही, जातीला आहे. याचा फेरविचार करायला माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमला. २६ नोव्हेंबर २०२४ ला, नेमक्या संविधान दिनी, सुप्रीम कोर्टाने पुद्दुचेरीच्या एका खटल्यात निकाल दिला : मनाने आणि आचाराने ख्रिस्ती असून फक्त सवलतीसाठी हिंदू म्हणवणं ही संविधानाशी फसवणूक आहे.

कोर्टाचं म्हणणं कायद्याच्या चौकटीत आहे. खोटं सांगून दाखला घेऊ नये, हे मलाही मान्य. पण चौकट कशी आहे ते बघा. विहिरीवर, लग्नाच्या वरातीत, भाड्याने खोली मागताना गाव त्याची जात विसरत नाही. मग तो प्रार्थनेला गेला म्हणून सरकार ती कशी विसरतं? त्याच्यापुढं दोनच रस्ते उरतात. खरं सांगून लेकराची फी, हॉस्टेल, नोकरीची संधी गमवायची, नाहीतर कागदावर एक आणि घरात एक असं आयुष्य काढायचं. आणि मग आपणच त्याला म्हणायचं, यांच्यात प्रामाणिकपणा नाही. ज्याला खरं बोलायची एवढी किंमत लावलीय, त्याच्या खोट्यात आपला वाटा किती, हेही मोजा की.

उलटंही सांगतो. पैसा, औषध, नोकरी यांच्या आमिषाने कुणी धर्म बदलून घेत असेल, तर ते त्या माणसाचा अपमान आहे. रमाबाईंनी असल्यांना दारात उभं केलं नसतं. टिळकांनी तर स्वतःच्या बायकोलाही पाच वर्षं वेळ दिला. चर्चमध्ये गेल्यावरही पंगतीला जात बघणारे आहेत, त्यांनी शेषाद्रींचं बेथेल आठवावं.

संविधानाच्या २५ व्या कलमात धर्माच्याही आधी एक शब्द येतो. सदसद्विवेकबुद्धी. तिचं स्वातंत्र्य. रमाबाईंनी त्या पत्रांमधून जे मागितलं होतं ते हेच होतं, संविधान यायच्या पासष्टेक वर्षं आधी.

तेव्हा एवढंच म्हणणं आहे. दाखल्याचा प्रश्न दिल्लीत सुटेल तेव्हा सुटेल. बाटगा हा शब्द मात्र हट्ट्यातच थांबवता येतो, त्याला कुठल्या आयोगाची गरज नाही.

कमेंटमध्ये मत मांडा. विरोधी असलं तरी चालेल, मी डिलीट करणार नाही. फक्त कुणाच्या घरादाराचं नाव घेऊ नका, आणि भाषा सांभाळा.