मैलांचं जाड पुस्तक

बडोद्यात वाघोडिया रोडवर माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतले इंजिनिअर येतात, लिमड्याच्या पारुल युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली आफ्रिकेतली मुलं येतात, दांडिया बाजारातली जुनी मराठी कुटुंबंही येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: किती तास? गेली शंभर वर्षं या प्रश्नाचं उत्तर वाटेतल्या थांब्यांवर ठरत आलंय, असं माझं ठाम मत आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळालेल्या भीमराव आंबेडकरांनी जून 1913 मध्ये बडोदे संस्थानाशी करार केला आणि बोटीने निघून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. 1917 मध्ये, महायुद्ध चालू असताना, ते परतले. त्यांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं. ती टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली पुस्तकं समुद्रात गेली. बडोद्याच्या नोकरीवर ते त्या पुस्तकांविना रुजू झाले. हे आठवलं की आजही मन कळवळतं.

8 जून 1948 च्या रात्री एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून उडालं. कैरो, जिनिव्हा करत 10 तारखेला लंडन. 1960 च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग 707 लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं.

मी धंदा शिकलो तो कागदी तिकिटांच्या काळात. तिकिटाच्या पानांना मागून लाल कार्बन असे. पेन दाबून लिहायचं, म्हणजे खालच्या कूपनवर उमटायचं, आणि बोटं दिवसभर लाल. शेजारी मैलांचं जाड पुस्तक. दोन शहरांच्या भाड्यासोबत कमाल मैल ठरलेले असत. वाटेतल्या टप्प्यांची बेरीज त्यात बसली, तर त्याच भाड्यात मधे उतरता येई. बेरीज वाढली की भाडं पाच-पाच टक्क्यांनी चढे, पंचवीसपर्यंत. त्यापुढे भाडं तोडून दोन तुकड्यांत लावायचं.

दांडिया बाजारातल्या एक काकू मुलाकडे न्यू जर्सीला निघाल्या होत्या. लंडनला भाचीकडे चार दिवस राहायचं होतं, जमलं तर रोमही बघायचं होतं. मी मुंबई-रोम, रोम-लंडन, लंडन-न्यूयॉर्क असे मैल मांडले. बेरीज बसली! काकूंना जादा पैसा न भरता रोम दिसलं. तो आनंद मला सॉफ्टवेअरने कधी दिला नाही. जून 2008 पासून कागदी तिकीट बंद झालं.

त्याच्या आदल्या वर्षी, 1 ऑगस्ट 2007 ला, एअर इंडियाचं मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा विमान सुरू झालं. पंधरा-सोळा तास, येताना वारा पाठीशी असतो, म्हणून थोडे कमी. लंडनचा थांबा गेला, भाचीकडचे चार दिवसही गेले.

वाघोडियाकरांचे थांबे मात्र सुटलेले नाहीत. बडोद्याच्या हरणी विमानतळावर 2016 मध्ये नवं टर्मिनल झालं, तरी अमेरिकेला जायचं तर आधी मुंबई किंवा दिल्ली गाठायची, नाहीतर एक्स्प्रेसवेने अमदावाद. हरणी ते मुंबई सरळ रेषेत साधारण 360 किलोमीटर, तासाभराचं उड्डाण. म्हणून मी गिऱ्हाईकाला विमानाचे तास सांगत नाही. घराला कुलूप लावल्यापासून मोजतो: हरणीपर्यंतचा रस्ता, तिथली दोन तासांची हजेरी, मुंबईत टर्मिनल बदलणं, मग पुढचं लांब उड्डाण. ई-तिकिटाच्या प्रिंटआउटमागे ती बेरीज पेनानेच लिहून देतो.