पोटशूळ, वारंवार होणारा : वृद्ध घोड्यांतील

घोड्याच्या पोटातील वेदनेला पोटशूळ म्हणतात. साधा वायू धरण्यापासून आतड्याला पडलेल्या पिळापर्यंत अनेक कारणांनी तो होतो. काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने तो पुन्हा पुन्हा उद्भवू लागला, की त्याला वारंवार होणारा पोटशूळ म्हणतात. घोडा साधारणपणे १५-१६ वर्षांनंतर वयस्क आणि विशीनंतर वृद्ध मानला जातो. निगा चांगली असेल तर तो २५ ते ३० वर्षे जगतो. पोट दुखू लागले की तो पुढच्या खुराने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, वरचा ओठ उलटा करतो, लघवीच्या पवित्र्यात ताणून उभा राहतो, खाली बसतो, लोळतो. वृद्ध घोडा यातले काहीच न करता नुसता चाऱ्याकडे पाठ फिरवून उभा राहील, असेही पुष्कळदा घडते. मग वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते, तासाभरात घोडा वैरणीला तोंड लावतो आणि प्रकरण मिटले असे सर्वजण धरून चालतात. खरे तर ते तिथे सुरू होते. वारंवार होणाऱ्या पोटशूळाचा उपचार घोडा लोळत असताना फार थोडा होतो. तो मुख्यतः दोन खेपांच्या मधल्या, घोडा ठणठणीत दिसणाऱ्या दिवसांत करावा लागतो, आणि त्याची सुरुवात पोटापासून नव्हे तर तोंडापासून करावी लागते.

घोड्याच्या पचनसंस्थेची रचनाच अशी आहे, की तिच्यात अडथळा लवकर येतो. जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे. आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत गेलेले वर येण्याची वाट जवळजवळ बंद. सुमारे २० मीटर लांबीचे लहान आतडे एका पातळ पडद्याला टांगलेले असते. त्यापुढे अंधांत्र आणि ३ ते ४ मीटर लांबीचे, घड्या घालून बसवलेले प्रशस्त मोठे आतडे येते. इथे सूक्ष्मजंतू वैरणीतील तंतू आंबवतात आणि घोड्याला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा तयार करतात. या मोठ्या आतड्याचा बराच भाग पोटाच्या भिंतीला बांधलेला नसतो, म्हणून वायूने फुगला की तो जागा सोडू शकतो. ओटीपोटाजवळ ते एक तीव्र वळण घेते आणि तिथेच त्याचा व्यास एकदम कमी होतो. कोरडा, न चावलेला चारा बहुतेक वेळा याच वळणावर तुंबतो. कुरणात मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे १४ ते १६ तास चरतो. ही सारी व्यवस्था थोडे थोडे, सतत, लाळेत भिजलेले आणि बारीक दळलेले खाद्य मिळत राहील अशा बेताने बनली आहे.

दळण्याचे काम दाढांचे. घोड्याच्या दाढा लांबलचक असतात आणि दरवर्षी सुमारे २ ते ३ मिलिमीटर हिरडीतून वर सरकत राहतात. चावण्याने त्यांची तेवढीच झीज होते. हा साठा आयुष्यभर पुरेल इतकाच असतो. विशीच्या आसपास काही दाढा मुळापर्यंत संपतात, काही हलू लागतात, एखादी पडली की तिच्यासमोरची दाढ विरोधाशिवाय वाढून हिरडीत रुतते, दोन दाढांमध्ये फटी पडून त्यांत चारा कुजतो. अशा घोड्याच्या ठाणाखाली सकाळी नीट पाहिले तर अर्धवट चावून टाकलेल्या वैरणीच्या ओलसर, सुरळीसारख्या गुठळ्या सापडतात. लीद हाताने फोडून पाहिली तर निरोगी तोंडाच्या घोड्याच्या लिदीत तंतू आखूड असतात; तिच्यात बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या जागोजाग दिसू लागल्या, तर दळणे बिघडले आहे असे समजावे. ही दोन निरीक्षणे फुकट आहेत आणि कोणालाही करता येतात. तरीही पोट दुखणाऱ्या वृद्ध घोड्याचे तोंड, जबडा उघडा ठेवणारे साधन लावून आणि उजेड टाकून शेवटच्या दाढेपर्यंत तपासलेलेच नसते, हे फार आढळते. वृद्ध घोड्याची अशी तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि पोटशूळाचा इतिहास असेल तर सहा महिन्यांनी व्हावी. दाढांची टोके घासून घेतल्याने टोचणे थांबते. पण संपलेली दाढ परत येत नाही, म्हणून तिथून पुढे चारा बदलावा लागतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की वय झाले, आता असे व्हायचेच. आकडे या समजुतीला आधार देत नाहीत. अमेरिकेतील व्हर्जिनिया व मेरीलँड भागातील ३१ पागांवरच्या घोड्यांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०० घोड्यांमागे वर्षाला सुमारे १० ते ११ पोटशूळ नोंदले गेले. ब्रिटनमध्ये, एकदा पोटशूळ होऊन गेलेल्या घोड्यांचा पाठपुरावा केला तेव्हा हेच प्रमाण १०० मागे ५० च्या घरात गेले. दोन देश, दोन पद्धती, म्हणून हे आकडे शेजारी ठेवताना जपून बोलले पाहिजे. तरी एकदा पोटशूळ झालेला घोडा हा पुढच्या पोटशूळाचा सर्वांत मोठा उमेदवार असतो, ही गोष्ट निरनिराळ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा निघाली आहे. आणि धोका वाढवणारी कारणे जी पुढे आली ती बहुतांशी पागेतली आहेत : दाणा जास्त, तबेल्यात बंद राहण्याचे तास जास्त, गेल्या दोन आठवड्यांत वैरणीत बदल, कामात अचानक खंड, जंताच्या औषधाकडे दुर्लक्ष. दावणीला किंवा फळीला दात लावून हवा गिळण्याची खोडही त्यांत आहे, आणि चरायला मिळणाऱ्या वेळाने धोका कमी होतो असेही दिसले. हे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले आहेत, त्यांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वरच्या यादीतील प्रत्येक गोष्ट आतड्याच्या कामाशी थेट जोडता येते, आणि ती बदलल्याने घोड्याचे नुकसान होण्याची शक्यता नगण्य आहे. वय बदलता येत नाही. ही यादी बदलता येते.

वैरणीपासून सुरुवात करावी. घोड्याला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडे खाद्य लागते, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो, आणि त्यातला मोठा भाग तंतुमय चारा असावा. वर उल्लेखलेल्या अमेरिकी अभ्यासात रोज अडीच किलोपेक्षा जास्त दाणा खाणाऱ्या घोड्यांत, दाणा अजिबात न खाणाऱ्यांच्या तुलनेत, पोटशूळाची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. आपल्याकडे म्हाताऱ्या घोड्याचे अंग उतरले की चंदी वाढवण्याची रीत आहे : हरभरा, जव, गव्हाचा कोंडा, वर गूळ. दात गेल्यामुळे चारा कमी पडतो म्हणून अंग उतरते, आणि उपाय म्हणून पोटाला न झेपणारा पिष्टमय दाणा वाढतो. यातूनच पुढची खेप ओढवते. त्याऐवजी चाऱ्याचाच प्रकार बदलावा. मऊ, पानेदार, वेळेवर कापलेले गवत. दात फारच गेले असतील तर बारीक कुट्टी किंवा चाऱ्याच्या गोळ्या पाण्यात पूर्ण भिजवून, लापशीसारख्या करून, दिवसातून चार-पाच वेळा. जून झालेला कडबा, गव्हाचा कोरडा भुसा आणि उसाचे वाढे हे दात नसलेल्या घोड्याचे खाद्य नव्हे. हरळीच्या जातकुळीतील एका संकरित गवताचा बारीक काड्यांचा वाळलेला चारा अमेरिकेच्या आग्नेय भागात लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील अडथळ्याशी जोडला गेला आहे. तेव्हा काडी बारीक आहे म्हणून चारा निर्धोक, असे धरू नये. लसूणघास पौष्टिक असला तरी केवळ त्यावर घोडा ठेवू नये, कारण आतड्यात दगडासारखे खडे तयार होण्याशी लसूणघासप्रधान आहाराचा संबंध कॅलिफोर्नियात स्पष्ट दिसला आहे, आणि असे खडे वारंवार, सौम्य पोटशूळ उठवतात. कोणताही बदल १० ते १४ दिवसांत हळूहळू करावा. पहिल्या पावसानंतर कोवळे हिरवे गवत दिसले की उन्हाळाभर कडब्यावर राहिलेला घोडा एकदम त्यावर सोडणे, हा महाराष्ट्रातला दरवर्षीचा धोका आहे.

पाणी आणि हालचाल यांकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. विश्रांतीच्या घोड्यालाही दिवसाला २५ लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हात आणि कामावर त्याच्या दुप्पटही. उन्हात तापलेले, शेवाळलेले किंवा क्लोरीनचा वास येणारे पाणी तो नाकारतो. थंडीत बर्फगार पाणी कमी पितो. दुखऱ्या दातांमुळे गार पाणी टाळणारे वृद्ध घोडेही असतात, त्यांना कोमट पाणी द्यावे. खाद्यातून थोडे मीठ गेले की पिण्याची इच्छा वाढते. हालचालीचे तसेच आहे. तबेल्यात कोंडलेल्या घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल कुरणातल्या घोड्यापेक्षा मंदावते, हे अल्ट्रासाउंडने मोजून दाखवले गेले आहे. माथेरानसारख्या ठिकाणी पावसाळ्यात पर्यटक घटले की घोड्यांचे काम एकदम थांबते. वरातीच्या घोडीचा लग्नसराईनंतरचा काळही तसाच. काम थांबले तरी रोजचे फिरणे थांबू नये आणि चंदी मात्र त्याच दिवशी कमी व्हावी.

दिनक्रम सुधारूनही खेपा चालू राहिल्या, तर आत शोध घ्यावा लागतो. जंत पहिले. पट्टकृमी लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर गर्दी करतात. १९९८ च्या एका ब्रिटिश अभ्यासाने तेथील पेटक्यांच्या पोटशूळांपैकी सुमारे २२ टक्के त्यांच्याशी जोडले. आयव्हरमेक्टिन पट्टकृमींवर चालत नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागते, आणि ठरावीक औषध वर्षानुवर्षे देणाऱ्या पागांत ही फट राहून जाते. रेताड जमिनीवर किंवा मातीत वैरण टाकली जात असेल तर वाळू पाहावी : मूठभर लीद पाण्यात कालवून हातमोज्यात लटकवली की वाळू बोटांत खाली बसते. यासाठी इसबगोल सर्रास दिला जातो, पण नुसत्या इसबगोलाचा पुरावा दुबळा आहे. नळीवाटे मॅग्नेशियम सल्फेटबरोबर दिल्यास वाळू लवकर बाहेर पडते असे फिनलंडमधील अभ्यासांत दिसले. खाताखाता किंवा खाल्ल्यावर लगेच दुखत असेल तर जठरातील व्रणांचा संशय घ्यावा आणि दुर्बिणीने तपासावे. उन्हाळ्यातही केस न झडणारा, पाठ खोल गेलेला वृद्ध घोडा पियुषिका ग्रंथीच्या विकाराने ग्रस्त असू शकतो. त्याची प्रतिकारशक्ती घटते, जंत वाढतात, आणि पेर्गोलाइडने त्याला आराम पडतो. मात्र खास उतारवयाचा म्हणावा असा धोका एकच मोठा आहे : आतड्याच्या पडद्यावर देठासह वाढणारी चरबीची गाठ. तिचा देठ आतड्याभोवती गुंडाळला की रक्तपुरवठा तुटतो. खच्ची केलेल्या घोड्यांत आणि तट्टांत ती अधिक आढळते.

याच गाठीमुळे ‘दर वेळी इंजेक्शनने बरे वाटते, मग तपासण्यांवर खर्च कशाला’ हा युक्तिवाद टिकत नाही. फ्लुनिक्सिनसारखे औषध वेदना काही तास दडपते. नेहमीचा वायू आणि आवळलेले आतडे यांतला फरक त्या तासांत दिसेनासा होतो. शिवाय अशी औषधे वरचेवर, विशेषतः पाणी कमी पडलेल्या घोड्याला दिली तर मूत्रपिंडाला इजा होते आणि जठरात व मोठ्या आतड्यात व्रण होतात, म्हणजे औषधच पुढच्या पोटशूळाचे कारण बनते. ती पशुवैद्याने घोडा तपासल्यावरच द्यावीत, आणि दिलेली वेळ लिहून ठेवावी. खर्चाचा मुद्दा खरा आहे. एका घोड्यावर कुटुंब चालवणाऱ्याला दुर्बिणीची तपासणी परवडत नाही. पण तोंड पाहणे, लीद तपासणे, जंताचे योग्य औषध आणि एक वही यांना फार पैसे लागत नाहीत, आणि बहुसंख्य घोड्यांत एवढ्यानेच बराच उलगडा होतो. वहीत दर खेपेची तारीख, आदल्या दोन आठवड्यांतील वैरण, पाणी, काम, हवामान आणि नाडी लिहावी. बांबूच्या नळकांड्यातून तेल किंवा हिंगाचे पाणी ढोसण्याची जुनी रीत मात्र बंदच केली पाहिजे. वेदनेत असलेल्या घोड्याच्या फुप्फुसात ते उतरते आणि पोटशूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो.

निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोट ठेवून ती मोजता येते. ती ६० च्या वर गेली, हिरड्या लालभडक किंवा निळसर झाल्या, लीद पडणे थांबले किंवा इंजेक्शननंतर वेदना परतली, तर घरी थांबू नये. वृद्ध घोड्यावर शस्त्रक्रिया निरर्थक असते ही समजूतही सरसकट खरी नाही : लहान आतडे आवळले गेलेल्या घोड्यांत शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून जिवंत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण वृद्धांत आणि तरुणांत जवळपास सारखे आढळले आहे, मोठ्या आतड्याच्या अडथळ्यांत मात्र वृद्ध मागे पडतात. निकाल वयापेक्षा घोडा किती लवकर पोहोचला यावर अधिक ठरतो. मोठी शस्त्रक्रिया होऊ शकेल अशी ठिकाणे भारतात मोजकी आहेत, म्हणून वाहन, अंतर आणि खर्चाची मर्यादा घोडा बरा असतानाच ठरवून ठेवावी. जिथे शस्त्रक्रिया शक्य नाही आणि वेदना आवरत नाही, तिथे पशुवैद्याकडून वेदनारहित मृत्यू देणे हाही निगेचाच भाग आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम १३ यातना भोगणाऱ्या प्राण्यांबाबत तशी तरतूद करते.