बाटलीआधीचं बोंडलं

बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर बाळाचा फोटो नसतो. १९९२च्या कायद्याने तो बंद केला, जाहिरातीही बंद केल्या. त्याआधी जगभर रान उठलं होतं: गरीब घरांत महाग पावडर पुरवून पुरवून, मिळेल त्या पाण्यात पातळ कालवली जायची आणि मुलं जुलाबाने दगावायची. १९७७ला नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ला जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली.

उर्शाच्या आमच्या घरी सध्या बाटल्या उकळायचं खातं माझ्याकडे आहे. बायकोला दूध पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी पावडर लिहून दिली. ती निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत ती मिसळायची, मग कोमट करायची. आई मात्र माळ्यावरचं बोंडलं काढून बसली आहे. चोचीची उघडी वाटी, आतून बोटाने घासता येते. बाटलीच्या बुचात दूध अडकतं. इंजिनिअर म्हणून माझं मत बोंडल्याला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दवाखान्यांत आजही अशाच भांड्याने पाजतात.

त्याच बाळांसाठी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. एका आईचं जास्तीचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून दुसरीच्या बाळाला द्यायचं. आमचं बाळ पुऱ्या दिवसांचं, धडधाकट. त्या रांगेत त्याचा नंबर शेवटचा, आणि ते बरोबरच आहे.